भिंतीवरून आलेली उत्तरं

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी खुर्चीवर चढतो, छाती भरून श्वास घेतो आणि ‘बिकॉज!’ अशी आरोळी ठोकून पुतळ्यासारखा थांबतो. हात वर, तोंड उघडं. माझा क्लास बारामतीत एका खताच्या दुकानाच्या माडीवर भरतो. खाली युरियाची पोती, वर इंग्रजी व्याकरण. पहिल्या वर्षी माझी आरोळी ऐकून दुकानदार दोनदा जिना चढून धावत आला होता. आता तो हिशेबातून मानसुद्धा वर करत नाही.

मुलं माझ्या उघड्या तोंडाकडं बघत राहतात. दहा सेकंद जातात, पंधरा जातात. मग कुणाला तरी राहवत नाही. “सर, पुढं?”

त्या ‘पुढं?’साठीच तर मी खुर्चीवर चढलेलो असतो! मी धाडकन खाली उडी मारतो. “बघा, कसं कासावीस व्हायला झालं! ‘बिकॉज आय वॉज इल’, म्हणजे ‘कारण मी आजारी होतो’, एवढंच म्हणून मी घरी गेलो, तर तुम्हाला जेवण जाईल का? नाही जाणार. हे सबॉर्डिनेट क्लॉज. याला एकट्याला उभं राहता येत नाही. ‘आय डिड नॉट कम’ याला मात्र कुणाची गरज नाही. ते मेन क्लॉज. घरातला कर्ता.”

पंचवीस वर्षं मी हा प्रयोग लावतोय. गणपतीतल्या नाटकांत खलनायक करायचो, ते मंडळानं हळूहळू बंद केलं आणि मला हक्काचा रंगमंच असा हाच उरला. केवल, संयुक्त आणि मिश्र वाक्यं मी घरांवरून शिकवतो. केवल वाक्य म्हणजे एकटा माणूस, एक चूल. संयुक्त वाक्य म्हणजे दोन भाऊ, दोन चुली, मध्ये ‘अँड’ किंवा ‘बट’ नावाची सामाईक भिंत. दोघंही आपापल्या पायावर उभे. आणि मिश्र वाक्यात एक कर्ता असतो, बाकीचे त्याला धरून. आमच्याकडची बहुतेक घरं मिश्र वाक्यंच आहेत. मुलं हसतात. ट्रॅक्टर म्हणजे मेन क्लॉज, उसाची ट्रॉली म्हणजे सबॉर्डिनेट आणि मधली पिन म्हणजे कन्जंक्शन, ही माझीच कल्पना म्हणून मी वर्षानुवर्षं छाती फुगवून फिरत होतो. नंतर कळलं, की बारामतीपासून इंदापूरपर्यंत इंग्रजी शिकवणारा प्रत्येक जण हाच ट्रॅक्टर चालवतो.

एवढं करून हाती काय लागलं, तेही सांगतो. माझ्या हाताखालून गेलेली पोरं झोपेतून उठवलं तरी ‘रिमूव्ह टू’ करून दाखवतील. टू काढायचा, सो घालायचा, पुढं दॅट, शेवटी नॉट. पण त्यातल्या एकालाही पुण्याच्या बसमध्ये इंग्रजीत कुणी वेळ विचारली, तर तो खिडकीबाहेर बघू लागतो. मीसुद्धा त्याच खिडकीबाहेर बघतो. हे मी क्लासच्या पाटीवर लिहिलेलं नाही.

तर दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये, मी खुर्चीवर पुतळा होऊन उभा असताना दारात एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, पदर खांद्यावरून घेतलेला, हातात कापडी पिशवी. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती, बाई पोरांकडं बघत होत्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सर, पडाल.”

सणसरच्या पलीकडं एका वस्तीवरच्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. मदतनीस म्हणजे सकाळी कुलूप उघडणं, झाडलोट, घरोघर जाऊन लेकरं गोळा करणं, खिचडी शिजवणं, भांडी घासणं आणि नाकं पुसणं. शिकवायचं, वजनं नोंदवायची आणि सह्या करायच्या त्या सेविका. तिथल्या सेविका पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी पास असेल तर त्या जागेवर तिचा हक्क पहिला. या बाई, पुढं आम्ही सगळे त्यांना ताई म्हणू लागलो, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसल्या होत्या, बाकीचे सगळे विषय एका दमात सुटले होते आणि इंग्रजी दोनदा राहिलं होतं. त्यात वयाची अट होती. फेब्रुवारीत सुटलं तर सेविका. नाही सुटलं तर पुढच्या वर्षी अट ओलांडली जाणार आणि जन्मभर खिचडी.

“मला फकस्त पस्तीस पाहिजेत, सर,” त्या म्हणाल्या.

“पस्तीस? मी पन्नासच्या खाली विकत नाही.”

“मग पंधरा परत घ्या. पर पस्तीस द्या.”

मी खूष झालो. अशी उत्तरं देणारं माणूस वर्गात असलं की मला दोन जास्तीची नाटकं सुचतात.

त्यांना मोटारसायकलवरून आणायचे ते त्यांचे थोरले दीर. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायचो. साठीकडं झुकलेले, पांढरी टोपी, पांढरा पायजमा, बोलणं तुटक. घराणं एके काळी मेंढरं राखणारं, आता उसात स्थिरावलेलं. ताईंचे यजमान कारखान्यावर पाळीत असायचे, त्यांना रविवार मोकळा मिळत नसे. म्हणून सणसरकडून बारामतीला आबा आणायचे, दुकानात पोत्यावर बसून राहायचे आणि परत न्यायचे. आठ महिने हा नेम चालला. आणि या आठ महिन्यांत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

भांडण नव्हतं हो! त्यांच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं आणि दिरानं तिला नावानं हाक मारायची नसते. ताईंनी लग्न होऊन आल्यापासून पाळलेलं ते. गाडीवर दोघांच्या मध्ये ती कापडी पिशवी ठेवलेली असायची. निरोप द्यायचा तर मध्ये तिसरा माणूस लागायचा, आणि तो तिसरा माणूस मी.

“सर, आबांना सांगा, आज साडेबारा हुतील,” ताई माडीवर माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणायच्या.

मी सज्जातून खाली वाकायचो. “आबा, आज साडेबारा होतील!”

“हुंद्या म्हणावं. पर ऊन लई हाय, डोक्याला काय तरी बांध म्हणावं.”

मी वळायचो. “ताई, ऊन फार आहे, डोक्याला काहीतरी बांधा.”

“बांधती म्हणावं.”

दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू येत असे. तरी मी सांगितल्याशिवाय ते ऐकलेलं धरलं जात नसे. मी वर्गात जाहीर केलं, “पोरांनो, उभयान्वयी अव्यय कधी पाहिलंय? हे बघा, पॅन्ट घालून उभं आहे!” पोरं खिदळली. ताईही पदराआड हसल्या. खालून आबांनी विचारलं, “काय झालं, सर?” मी म्हणालो, “काही नाही आबा, व्याकरण चाललंय.”

पाचसहा रविवार ताई गप्प बसून लिहून घेत होत्या. मग एकदा वही मिटून म्हणाल्या, “सर, एक इचारू का? आपल्यात जवा म्हणलं की तवा येतं. जर म्हणलं की तर. जरी म्हणलं की तरी. जोडी असती. मग इंग्रजीत ‘तवा’ गेला कुठं?”

मी खडू खाली ठेवला. हे फार क्वचित होतं. कारण आमची पोरं ‘ऑलदो’ लिहून पुढं ‘बट’ घालतात, ‘बिकॉज’ लिहून पुढं ‘सो’ घालतात, आणि मी पंचवीस वर्षं तांबड्या पेनानं ते बट आणि सो खोडत आलो होतो. पोरं ते का घालतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना जोडीतला दुसरा हवा असतो. एकटं ‘जरी’ त्यांच्या जिभेला बोडकं लागतं.

“इंग्रजीत एकच ठेवतात, ताई.”

“दुसऱ्याला काडून टाकलं?”

“काढूनच टाकलं.”

“मग त्यांचं बरं चालतंय,” त्या म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांची ती चूक कायमची थांबली.

मला चढलं. पुढच्या रविवारी मी खास त्यांच्यासाठी दाखला रचला. “समजा अंगणवाडी हे एक मिश्र वाक्य आहे. सेविका म्हणजे मेन क्लॉज. मदतनीस म्हणजे...” आणि मला कळलं, की मी काय बोलून बसलोय. पोरं वहीत बघायला लागली.

ताई शांतपणे म्हणाल्या, “उलटं हाय, सर. बाई रजेवर गेल्या तरी अंगणवाडी चालती. मी न्हाय गेले तर कुलूपच उघडत न्हाय.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. अपमान इतका नेटका झाला की रागवायला जागा नव्हती.

दिवाळीनंतर त्यांची गाडी सुटली. वाक्यं सगळी अंगणवाडीतली. गॅस संपला तर मी लाकडं आणते. पाऊस असला तरी लेकरं आली. जी मुलगी रडते तिला मी कडेवर घेते. मी म्हणायचो, इफ, ऑलदो, हू, त्या लिहायच्या. जानेवारीत सरावाच्या तीन प्रश्नपत्रिका घेतल्या, तिन्ही वेळा पन्नासच्या वर. मी सज्जातून ओरडलो, “आबा, पन्नास पडतील!”

आबा पोत्यावरून उठले. टोपी काढली, परत घातली. “पस्तीस धरून चालतो,” ते म्हणाले.

फेब्रुवारीत पहिलाच पेपर इंग्रजीचा. केंद्र इंदापूरकडच्या एका गावात आलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. क्लासवाला म्हणून मी त्या दिवशी केंद्रावर जातोच, पोरांच्या पाठीवर थाप मारायला आणि पालकांना तोंड दाखवायला. ताईंनी पायाला हात लावला. “सर, पोटात गोळा आलाय.” मी म्हणालो, “तो मेन क्लॉज आहे. त्याला तिथंच बसू द्या, तुम्ही पेपर लिहा.” त्या हसत आत गेल्या. हॉलमध्ये त्यांना शाळेमागच्या भिंतीकडची, खिडकीजवळची जागा मिळाली होती.

आमच्याकडं परीक्षेला एकटं कुणी येत नाही. लग्नाला यावीत तशी माणसं येतात. चुलते, मामा, मावसभाऊ, जीप भरून. पुढच्या फाटकावर हवालदार असतो म्हणून सगळी मागच्या बाजूला जमतात, जिथं भिंत आहे, भिंतीपलीकडं हातभर अंतरावर खिडक्या आहेत. दरवर्षी कॉपी बंद झाल्याचं जाहीर होतं आणि दरवर्षी मंडळी भिंतीशी हजर असतात. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच प्रश्नपत्रिकेचा फोटो कुणाच्या तरी मोबाईलवर आला. गाईडं फाडली गेली, चिठ्ठ्या होऊ लागल्या. मी लांब चहाच्या टपरीवर बसून हे तुच्छतेनं बघत होतो. माझी तुच्छता प्रेक्षणीय असते.

तेवढ्यात आबा आले. हातात कुणाचा तरी मोबाईल.

“सर, एवढं सोडवून द्या.”

“अहो आबा, त्यांना सगळं येतंय! तुम्ही आठ महिने पोत्यावर बसलात ते कशासाठी?”

“येतंय, ते मला ठावं हाय.” ते थांबले. भिंतीकडं हात केला. “पर समद्यांचं कुणी ना कुणी भितीवर हाय, सर. धाकटीचंच कुणी न्हाय, असं दिसाया नको.”

मला हसू आलं. मग तितकंसं आलं नाही. मी नकारार्थी मान हलवतच होतो, एवढ्यात मागच्या घोळक्यातून एक मिशीवाला मामा म्हणाला, “आबा, कशाला सरांना तरास देताय? सरांचं जुनं शिक्शान. नव्या शिलेबसचं त्यांना यायचं न्हाय.”

दुसरा म्हणाला, “गाईड आणू का, सर? बघून लिवा.”

गाईड! मला! मी खिशातून लग्नपत्रिका काढली, कोरी बाजू वर केली, एका मोटारसायकलच्या सीटवर ठेवली आणि सुरू झालो. माणसं भोवती गोळा झाली. मी प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचत होतो, “हे संयुक्त आहे, याचं मिश्र करा म्हणतायत. करतो! हा अँड उडवला, हा व्हेन आणला!” आणि हवेत पेन फिरवून लिहीत होतो. ‘नो सूनर’ आलं तेव्हा मी क्षणभर डोळे मिटून उभा राहिलो, नुसता गंमत म्हणून, आणि मिशीवाला म्हणाला, “अडकले!” मी डोळे उघडून एका झटक्यात उत्तर ओढलं. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, आयुष्यात एवढं मन लावून बघणारं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालेलं नाही. शेवटी सवयीनं खाली दोन रेघा मारल्या, वहीवर मारतो तशा, आणि चिठ्ठी आबांच्या हातात ठेवली.

लहानपणी मेंढरांना पाला म्हणून बाभळीवर चढून फांद्या छाटलेला तो माणूस. साठीतसुद्धा भिंतीवर असा चढला, की तरणी पोरं बाजूला झाली. गर्दीतून मला टोपी तेवढी खिडकीजवळ दिसत होती.

आत काय झालं ते मला ताईंच्या मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. ताईंचा व्याकरणाचा प्रश्न लिहून झाला होता. त्या निबंधाकडं वळल्या होत्या. खिडकीत आबा आले. आता हाक मारायची कशी? नाव तर घ्यायचं नाही. म्हणून आबा खाकरले. घरात शिरताना, सुनांना सावरायला वेळ मिळावा म्हणून उंबऱ्याबाहेर खाकरतात, तसे. आणि ते खाकरणं कानावर पडताच ताईंनी डोक्यावर पदर घेतला आणि भर परीक्षेत बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

पर्यवेक्षक म्हणाले, “काय झालं? बसा.” त्या बसल्या. खिडकीतून हात आत आला. हातात चिठ्ठी.

नको, एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणायचं कुणाकडून? ‘सर, आबांना सांगा, नको म्हणावं’ असं सांगायला त्या हॉलमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी चिठ्ठी घेतली. आबा उतरले.

वीस मिनिटांनी भरारी पथक आलं. पथकाची गाडी फाटकात शिरल्याबरोबर त्या एका हॉलच्या खिडक्यांतून एवढ्या चिठ्ठ्या बाहेर आल्या, की भिंतीखालची जमीन पांढरी झाली. पोरं त्यात तयार असतात. ताईंनी मात्र आपली चिठ्ठी फेकली नाही. आबांनी हातात दिलेली वस्तू पायदळी कशी टाकायची? ती त्यांनी घडी घालून उत्तरपत्रिकेखाली ठेवली होती, आणि पथकातल्या बाईंनी पहिलीच उत्तरपत्रिका उचलली ती त्यांची.

“हे कुणाचं?”

“माझं.”

“अक्षर तुमचं नाही. कुणी दिलं?”

ताई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. पेपर काढून घेतला, जबाब लिहून घेतला, सही घेतली.

बातमी भिंतीवरून बाहेर यायला दोन मिनिटं लागली. आबा धावत टपरीवर आले. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

“सर, उठा. आत जाऊ. म्या सांगतो, चिठ्ठी मी दिली. तुमी सांगा, अक्षर तुमचं हाय. तिचा काय गुन्हा हाय? तिनं मागितली न्हाय, वाचली पन नसंल.”

ते खरंच निघाले होते. माझ्या दंडाला त्यांचा हात होता. मला फक्त उठायचं होतं.

आणि मी वाक्य बोललो. आयुष्यात इतकं बांधेसूद मिश्र वाक्य मी फळ्यावरही लिहिलं नसेल. मी म्हणालो, “आबा, तुम्ही आत्ता आत गेलात तर तुमच्यावर केस होईल, आणि तुमच्यावर केस झाली तर तिचं प्रकरण वाढेल, म्हणून जरी तुम्हाला वाईट वाटत असलं तरी तिच्या भल्यासाठी आपण शांत राहू, कारण बाहेरून काही आलं हे सिद्ध झालं नाही, तर ते लोक समज देऊन सोडतील.” जर, तर, जरी, तरी, म्हणून, कारण. एकही पिन निसटली नाही. त्या अख्ख्या वाक्यात माझा क्लास बंद पडेल हे एवढंच नव्हतं, आणि तेवढंच खरं होतं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांचा हात दंडावरून सुटला. “तुमी म्हणताय तर बसतो,” ते म्हणाले आणि बसले.

समज देऊन सोडलं नाही. चौकशीला पुण्याला बोलावलं. ताई यजमानांबरोबर गेल्या आणि तिथंही ‘माझंच’ एवढंच बोलल्या. काही दिवसांनी पत्र आलं. या परीक्षेची संपादणूक, म्हणजे मिळालेले गुण, रद्द, पुढच्या दोन परीक्षांना बंदी. बाहेरच्या माणसानं येऊन कबूल केलं असतं तर फरक पडला असता का, असं मी एका ओळखीच्या मास्तरांना आडून विचारलं. ते म्हणाले, “पडला असता बहुतेक.” मी विषय बदलला.

जुलैत आबा क्लासवर आले. खाली पोत्यावर बसले नाहीत, थेट माडीवर आले. पहिल्यांदाच.

“सर, एक काम हुतं. धाकटीला माझा राग आलाय का, तेवढं इचारायचं हुतं. आदी बोलत नव्हती, आता पन बोलत न्हाय. कसं कळायचं?”

मी त्यांच्या गाडीवर मागं बसून गेलो. अंगणवाडीची दुपारची वेळ, लेकरं घरी गेलेली. नव्या सेविका आत नोंदी करत होत्या. बावडा गावची मुलगी, लग्न होऊन या वस्तीवर आलेली, पंचविशीची, स्वभावानं गोड. तिचा दोष शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडला नाही. “मावशी, वजनाचं रजिस्टर कुठंय?” ती आतून विचारायची. “मावशी, पोषण आहाराचा शिक्का?” ताई बाहेर पातेलं घासत होत्या आणि न उठता सगळं सांगत होत्या.

आबा रस्त्यावर गाडीजवळ थांबले. मी ताईंच्या समोर उभा राहिलो. खुर्ची नव्हती, आरोळी नव्हती.

“ताई, आबा विचारतायत, राग आहे का?”

“आबांवर कशाला राग? त्यांनी मायेनं आणलं.” त्या घासत राहिल्या. “तुमचं अक्षर मी वळखलं, सर. खालच्या दोन रेघा.”

मी शर्टाच्या खिशातल्या पेनावर हात ठेवला.

“मी उतरवलं न्हाय त्यातलं काय. माझं लिवून झालं हुतं. नुसतं जुळवून बघितलं. एक सोडून समदी जुळली.”

“एक चुकलं होतं का तुमचं?” मी पटकन विचारलं. मास्तर मरत नाही, बघा.

“माझं न्हाय. तुमचं चुकलं हुतं. घाईत असाल.” त्यांनी पातेलं उपडं घातलं. “घरी जाऊन गाईडात बघितलं. माझंच बरोबर हुतं.”

आतून आवाज आला, “मावशी, खडू संपलेत का?”

“फळीच्या मागं हायत, बाई,” ताई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “बंदी उठल तवर वय निघून गेलं, सर. आता इंग्रजी काय करायचं? आबांना सांगा, राग न्हाय. आन् रविवारी आता जायचं न्हाय, म्हणावं. ते अजून सकाळी गाडी पुसून ठेवत्यात.”

मी रस्त्यावर आलो. आबा उभेच होते. वस्ती शांत होती, अंतर वीस पावलांचं. त्यांनी सगळं ऐकलं असणार. तरी ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

“राग नाही म्हणाल्या.”

“बरं.”

“आणि रविवारी आता यायचं नाही म्हणाल्या.”

“बरं.” त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले. ताईंकडं नाही, माझ्याकडं. “सर, माझ्यापायी तुमाला उगीच त्या चिठ्ठीत गोवलं. तुमी आदीच नको म्हणत हुता. माफी करा.”

तिथं पुष्कळ बोलता आलं असतं. मी म्हणालो, “जाऊ द्या, आबा.” आणि त्यांच्या मागं गाडीवर बसलो, कारण बारामतीची पाचची बॅच होती.